आई फोटो बघून रडते, फोन काढून घेऊ का?

देवगडकडचा एक मुलगा हाच प्रश्न घेऊन आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). वडील जाऊन काही महिने झालेले. त्याआधी आईवडिलांनी चालत नर्मदा परिक्रमा केलेली, आणि आता काकू रोज दुपारी मोबाईलवर नर्मदाष्टक लावून ते फोटो बघत रडायच्या. घरच्यांनी घाबरून फोन लपवला तर काकूंनी बोलणंच टाकलं.

मी त्यांना एकटीला भेटले. म्हणाल्या, "माका रडूक तरी दी गो बाय."

मी म्हटलं, काकू, मलाही दाखवा ना फोटो. विमलेश्वरहून मिठी तलाईला बोटीने जातात ना, नर्मदा समुद्राला मिळते तिथे, तो फोटो आला आणि काकू सुटल्याच, बोट हलायला लागल्यावर बाकीचे परिक्रमावासी डोळे घट्ट मिटून नर्मदे हर नर्मदे हर म्हणतायत आणि काका आपले देवगडचे, दर्यावर वाढलेले, एकेकाला धरून बसवतायत, काळजी करू नका हो म्हणून सांगतायत. सांगताना काकू चक्क हसत होत्या. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं, घरात कुणी विचारलंच नव्हतं त्यांना!

गाण्याने आठवण एवढी अंगावर येते कारण मेंदूत आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस आणि भावनांचा अमिग्डाला एकमेकांना अगदी लागून आहेत, ओळखीचे सूर दोघांनाही जागं करतात. मग पायाचे फोड, आश्रमातली खिचडी, सोबतचं माणूस, सगळं एकदम येतं. हा आजार नाही.

म्हणून फोन काढून घेऊ नका, शेजारी बसा. हे कुठलं गाव, बाबा तेव्हा काय म्हणाले, असं विचारा. रडू आलं तर येऊ द्या, लगेच विषय बदलू नका. पण ज्यांना ते गाणं आत्ता सहनच होत नाही त्यांना मुद्दाम ऐकवूही नका, ते त्यांच्या वेळेने ऐकतील.

मात्र झोप-जेवण सुटलं, माणूस घराबाहेरच पडेना, वर्ष होऊनही दुःख तेवढंच तीव्र असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवाच. आणि मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका, एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.