वाद्यांचा ताबा आधी लेखी घ्या, बँड नंतर उभा करा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आपल्या गावचा बंद पडलेला बँड पुन्हा सुरू करायचा आहे, शाळेच्या कोठीत जुनी पितळी वाद्ये पडून आहेत, मुले उत्सुक आहेत आणि आयुष्यभर हौसेने क्लॅरिनेट वाजवत आलेल्या आपल्यालाच सर्वांनी बँडमास्टर व्हायला सांगितले आहे, हे आपले निवेदन वाचले आणि निपाणीकडचे माझे जुने दिवस जसेच्या तसे समोर उभे राहिले. मी कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखे आखूड पितळी वाद्य), एवढाच फरक. चार मात्रांना हात कसा फिरवायचा हे आपल्याला ठाऊक असणार, म्हणून त्यात शिरत नाही. ‘वाद्ये संस्था देईलच’ असे आपण जाता जाता लिहिले आहे, मला त्याविषयीच बोलायचे आहे.

आमची वाद्येही एका संस्थेच्या कोठीत होती. तिचे नाव घेत नाही. सगळी वाद्ये एकाच कारखान्याची, एकाच सुराची, आणि प्रत्येकाच्या बेलवर, म्हणजे पसरट तोंडावर, पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरचा) क्रमांक घातलेला. वापरापुरती मागितली, तर कारकुनाने सांगितले की रजिस्टरवरची वस्तू निर्लेखनाशिवाय, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी केल्याशिवाय, बाहेर जाणार नाही. निर्लेखनाचा अधिकार वरच्या कार्यालयाचा, वरचे कार्यालय म्हणे अधिकार व्यवस्थापक मंडळाचा, आणि मंडळ म्हणे आधी ऑडिट होऊ द्या. साहेब बदलले की अर्ज नव्याने मागत. आमच्या एकाही अर्जावर आवक क्रमांक पडला नव्हता, त्यामुळे जुना अर्ज दाखवण्याची सोय नव्हती. शेवटी उन्हाळी सुट्टीत मोडक्या बाकांबरोबर तो सगळा संच वजनावर भंगारात गेला. युफोनियम या जाड सुराच्या मोठ्या वाद्याची चेपलेली बेल मी भंगारवाल्याच्या ढिगात पाहिली, क्रमांक अजून स्पष्ट वाचता येत होता. जी वस्तू वाजवायला देता येत नव्हती, ती वितळवायला कशी देता आली, याचे उत्तर त्या कार्यालयाने आजतागायत दिलेले नाही आणि त्याचा संताप माझ्या मनातून गेलेला नाही.

नुकसान केवळ पैशाचे झाले नाही. पुढे जुन्या वाजवणाऱ्यांच्या घरांतून एकेक वाद्य गोळा केले, त्यात काही ‘हाय पिच’ची निघाली. जुन्या ब्रिटिश बँडांचा सूर आजच्यापेक्षा चढा असे. सूर जुळवण्यासाठी आधार धरल्या जाणाऱ्या ज्या ‘ए’ या पाश्चात्त्य स्वराची कंपने आज सेकंदाला ४४० धरतात, तो त्या काळी ४५२च्या आसपास होता. हा फरक अर्धस्वराच्या जवळजवळ निम्मा भरतो. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बाहेर ओढून मोकळा, म्हणजे बोट न दाबता निघणारा, सूर कसाबसा जुळतो, पण बोटाने दाबायच्या व्हॉल्व्हच्या नळ्या त्या प्रमाणात लांब होत नाहीत, त्यामुळे बोट दाबले की सूर पुन्हा चढतो. मुलांचा कान नेमका तयार होण्याच्या काळात त्यांना बेसूर ऐकावे लागले. हरवलेल्या संचाची खरी किंमत ती होती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की मुलांना बोलावण्याआधी वाद्यांचा ताबा लेखी घ्यावा. मी कायद्याचा जाणकार नाही, जाणत्या वकिलाला विचारूनच पावले टाकावीत. तरीही मंडळ १९६०च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवून घ्यावे, अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यावा, सोबत मराठी प्रत ठेवावी, प्रत्येक वाद्याचे क्रमांकासह छायाचित्र जोडावे आणि आवक क्रमांकाची पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नये. तोंडी होकारावर विसंबू नये. ठरावाची प्रत मागावी.

वाद्ये मिळाली की पहिले काम हार्मोनियमशी सूर ताडून पाहण्याचे. कॉर्नेट आणि युफोनियम यांचा नोटेशनमध्ये लिहिलेला ‘सा’ (‘सी’) हार्मोनियमच्या काळी पाचमध्ये ऐकू येतो, तर टेनर हॉर्न या मधल्या सुराच्या वाद्याचा काळी दोनमध्ये. गाणे सफेद एकमध्ये बसवण्याचा आग्रह झाला, तर नवशिक्या कॉर्नेटवाल्याला दोन आणि हॉर्नवाल्याला तीन शार्प (अर्ध्या स्वराने चढवलेले) स्वर सांभाळावे लागतात. पहिल्या वर्षी काळी पाच, काळी दोन आणि सफेद चार यांपलीकडे जाऊ नये. नोटेशन वाचणारा माणूस हवा असेल तर बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आसपासच्या गावांत लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक भेटतात, त्यांना आदराने बोलवावे.

आपल्याला कदाचित आवडणार नाही असे एक सांगतो: सरावाला क्लॅरिनेट घरी ठेवावे. आपल्याकडे बँडमास्तराने स्वतः वाजवतच बँड चालवायची पद्धत आहे, पण स्वतः फुंकत असताना मधल्या फळीतला दुसरा कॉर्नेट किंवा हॉर्न कुठे घसरतो ते ऐकू येत नाही. मला वाद्य खाली ठेवणे फार जड गेले, पण बँड मला खऱ्या अर्थाने तेव्हाच ऐकू येऊ लागला. मिरवणुकीत ढोल शेवटी न ठेवता मध्ये घ्यावा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे लांबलेल्या रांगेत मागचा ठेका पुढच्यांना उशिरा पोहोचतो आणि लय ओढली जाते.

कोठीतील वाद्यांची यादी, प्रत्येकाचा मोकळा सूर हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीशी जुळतो त्यासह, इथे लिहिलीत तर कोणते वाद्य ठेवावे आणि कोणते सरावापासून दूर ठेवावे, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे नक्की सांगेन.