मोगामी वर्ग: लाइट क्रूझरची हेवी क्रूझर कशी झाली?

जपानच्या मोगामी वर्गासारखी लाइट क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) नुसत्या तोफा बदलून हेवी कशी होते, असं तुम्ही विचारलंय. होते, कारण ती विभागणी जहाजाच्या वजनावर नव्हतीच. नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या १९३० च्या लंडन कराराने रेघ तोफेच्या व्यासावर आखली: १५५ मिमीपर्यंत लाइट, त्यापुढे हेवी. जपानचा हेवीचा कोटा १२ नौकांतच संपला होता. म्हणून मोगामी, मिकुमा, सुझुया आणि कुमानो या चौघींवर पाच बुरुजांत (तोफांच्या फिरत्या चिलखती कोठ्यांत) तीन-तीन अशा पंधरा १५५ मिमी तोफा चढवल्या. जाहीर वजन ८,५०० टन. ही शुद्ध थाप. प्रत्यक्षात त्या बऱ्याच जड होत्या.

वजन वाचवायला रिव्हेटऐवजी वेल्डिंग सढळ हाताने वापरलं आणि तेच नडलं. चाचण्यांत सांधे दगा देऊ लागले. सप्टेंबर १९३५ मध्ये सरावाला निघालेला ताफा वादळात सापडला, तेव्हा सांगाड्याची कमजोरी उघडी पडली. मग पत्रे जाड केले, तोल सावरायला दोन्ही कुशींना फुगवटे बसवले. वेग ३७ नॉटवरून ३५ च्या आसपास आला.

करार संपल्यावर, १९३९-४० मध्ये, तीन नळ्यांचे बुरूज काढून २०३ मिमीचे दोन नळ्यांचे पाच बसवले. तोफा १५ च्या १०, पण गोळा ५६ किलोऐवजी १२६ किलोंचा, म्हणजे एका फैरीचं वजन दीडपट. तोटा असा की १५५ ची तोफ भरभर डागता यायची. शिवाय पुढचे पहिले दोन बुरूज एकाच पातळीवर; नव्या नळ्या लांब, त्यामुळे दुसऱ्या बुरुजाच्या नळ्या समोर वळवल्या की पहिल्याला अडू नयेत म्हणून उचलूनच ठेवाव्या लागत. काढलेले बुरूज वाया गेले नाहीत, यामातो आणि मुसाशी या महाकाय युद्धनौकांवर दुय्यम तोफा म्हणून चढले.

एप्रिल १९४२ मध्ये या चौघींनी बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजं बुडवली, तेव्हा समोर तुल्यबळ कोणी नव्हतं. माझ्या मते यांचं खरं दुखणं तोफा नव्हे, डेकवरचे ६१० मिमीचे ऑक्सिजनवर चालणारे पाणतीर (टॉर्पेडो). मिडवेच्या लढाईनंतर, ५ जून १९४२ ला, अमेरिकी पाणबुडी दिसल्यावर वळताना मोगामी मिकुमावर आदळली आणि मोगामीची नाळ (पुढचं टोक) चेपली. मोगामीने पाणतीर समुद्रात फेकून दिले. दुसऱ्या दिवशी दोघींवर बॉम्ब पडले. मिकुमाचे पाणतीर फुटून ती बुडाली, मोगामी तरली. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या सामारजवळ सुझुयाला तर थेट बॉम्बही लागला नव्हता. जवळ पडलेल्याने पाणतीर पेटले.