हिरवेपणा वाढला, मग चारा कुठे गेला?

प्रश्न: गावाच्या सामायिक कुरणाची आणि त्याला लागून असलेल्या झाडोऱ्याची देखरेख करणाऱ्या समितीत मी काम करतो. उपग्रहचित्रांवर आधारित आलेखांत आमचे कुरण गेली सहा वर्षे सातत्याने अधिक हिरवे होताना दिसते. गुरे चारणारे मात्र शपथेवर सांगतात की चारा निम्म्यावर आला आहे. समितीतील काही सदस्य या तक्रारींकडे दुर्लक्ष करावे असे म्हणतात. आम्ही कोणाचे खरे मानावे?

उत्तर: आलेख खरा असेल आणि गुराख्यांचे म्हणणेही खरे असेल, ही शक्यता आपण सर्वांत आधी तपासावी. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. या दोहोंतील तफावतीवरून हिरवेपणाचा निर्देशांक काढला जातो. त्याला पान दिसते, पण ते पान गुरे खातात की नाही हे दिसत नाही. गवत अतोनात चरले गेले की मोकळ्या झालेल्या जागी काटेरी झुडुपे किंवा गुरांनी तोंड न लावलेले तण पसरते, आणि गवत वाळून गेल्यावरही ही झुडुपे हिरवी राहत असल्यामुळे निर्देशांक चढत जातो. म्हणजे आलेखावर जी सुधारणा दिसते तीच जमिनीवर ऱ्हासाची खूण असू शकते. याशिवाय त्या सहा वर्षांतील पाऊसमान तपासले आहे का? पहिली दोन वर्षे अवर्षणाची आणि नंतरची भरपूर पावसाची असतील, तर व्यवस्थापन कसेही असले तरी आलेख वरच जाईल.

याचा अर्थ उपग्रहचित्रे टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. पृथ्वीची चित्रे घेणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट या उपग्रहमालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला आणि २००८ मध्ये या मालिकेची चित्रे सर्वांना विनामूल्य खुली झाली. एवढी जुनी आणि सलग नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते. जंगल कुठे तुटले, वणवा कुठवर पसरला, तळ्याचे पाणी किती आटले हे त्यांतून चांगले कळते. मात्र या मालिकेतील बहुतेक चित्रांचा एक ठिपका जमिनीवर सुमारे तीस मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. त्या चौकोनात गवत, झुडूप, पायवाट आणि उघडी माती यांची सरमिसळ होऊन एकच आकडा येतो, आणि तो वेगळा करायचा तर जमिनीवर उतरावेच लागते.

त्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. कुरणाचा स्वभाव दाखवतील अशा काही जागा निवडून प्रत्येक ठिकाणी दोन पक्क्या खुंट्या ठोकाव्यात आणि त्यांच्यामध्ये पन्नास मीटरची मोजपट्टी ताणून धरावी. दर अर्ध्या मीटरवर एक बारीक सळई सरळ खाली सोडावी आणि तिला कशाचा स्पर्श झाला ते लिहावे: खाण्याजोगे गवत, तण, झुडूप, पालापाचोळा, दगड की उघडी माती. अशा शंभर नोंदींपैकी चौतीस ठिकाणी उघडी माती आली तर त्या रेषेवर उघड्या मातीचे प्रमाण चौतीस टक्के. जागा तीच, हंगाम तोच आणि पद्धत तीच ठेवावी. यांपैकी एक गोष्ट बदलली तरी यंदाचा आकडा मागच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. छायाचित्रे काढतानाही खुंटीवरून त्याच उंचीने, त्याच दिशेला आणि मागचे एखादे ठळक झाड किंवा टेकडी चौकटीत घेऊनच काढावीत.

मातीची एक चाचणी मला विशेष मोलाची वाटते. वरच्या थरातील वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ चाळणीवर ठेवून हळूच पाण्यात बुडवावे. मुळे, बुरशी आणि सेंद्रिय द्रव्य यांनी बांधलेली माती पाच मिनिटांनंतरही बहुतांशी आपला आकार धरून राहते, तर बांधणी गेलेली माती काही क्षणांतच विरघळून चिखल होते, आणि पावसात तिचे नेमके हेच होते. चराईबंदी केलेल्या तुकड्यातील आणि बाहेरच्या मातीची ढेकळे शेजारीशेजारी बुडवून पाहिली की मतभेद असलेले लोकही एकाच भांड्यात डोकावून बोलू लागतात. असा कुंपण घातलेला एखादा लहान तुकडा आपल्याकडे नसेल तर तो आजच राखावा, कारण पावसाचा परिणाम कोणता आणि चराईचा कोणता हे त्याच्याशी तुलना केल्याशिवाय ठरवता येत नाही.

तक्रारींकडे दुर्लक्ष करू नये यासाठी एक उदाहरण देतो. ते समुद्राचे आहे, पण समुद्र हीही सार्वजनिक संपत्तीच. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक १९८०च्या दशकात सांगत होते की कॉड मासे कमी होत आहेत. मोठ्या जहाजांना मात्र भरपूर मासे मिळत राहिले, कारण उरलेले मासे थोड्या भागांत दाटीने गोळा झाले होते आणि त्यांना शोधण्याची साधने सुधारली होती. त्या जहाजांच्या आकड्यांवर विसंबून साठ्याचा अंदाज प्रत्यक्षाहून मोठा बांधला गेला. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला.

प्रश्न: आमच्याकडे नोंदवह्या आहेत, नकाशे आहेत, परंतु नोंदी पाहून कधी काही ठरले असे झाले नाही. चूक कुठे होते?

उत्तर: मोजणीला सुरुवात करण्यापूर्वीच चूक झाली आहे. कोणता आकडा कुठवर गेला की काय करायचे, हे आधी ठरवून लिहून ठेवले नाही तर आकडा आल्यावर प्रत्येक जण त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. उदाहरणार्थ, उघड्या मातीचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की तो भाग पुढील पावसाळा संपेपर्यंत बंद राहील. निरीक्षण विहिरीतील पाणी अमुक खोलीखाली गेले की उपसा तमुक इतका कमी होईल. ही मर्यादा सर्वांनी मिळून, शांत काळात ठरवावी. झळ बसल्यानंतर ठरवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

नियम जितका साधा तितका तो टिकतो. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या गावी १५१७ सालचा नियम होता की, हिवाळ्यात जितक्या गाई आपल्याला पोसता येतील त्याहून अधिक गाई कोणीही उन्हाळी कुरणात पाठवू नयेत. या नियमात मोजणी आणि मर्यादा दोन्ही एकत्र आहेत, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यातील गाई कोणालाही मोजता येतात.

प्रश्न: देखरेख सरकारी कर्मचाऱ्यांनी करावी की वापरकर्त्यांनी?

उत्तर: दोघांनी, पण एकमेकांच्या नोंदी पडताळून. १९६८ मध्ये अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी सामायिक साधनसंपत्ती अटळपणे नष्ट होते अशी मांडणी केली. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे अनेक देशांतील उदाहरणे अभ्यासून दाखवले की, जिथे वापरणारेच नियम घडवतात आणि देखरेख करणारे त्यांना उत्तरदायी असतात, तिथे कुरणे आणि पाटबंधारे शतकानुशतके टिकले आहेत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पाळीने पाणी घेण्याच्या पद्धतीत पुढच्या पाळीचा शेतकरी आपल्या वेळेआधीच पाटावर येऊन उभा राहतो, त्यामुळे आधीच्या शेतकऱ्याला जास्त वेळ पाणी घेता येत नाही आणि वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही. आपल्या कुरणातही मोजपट्टीच्या एका टोकाला समितीचा सदस्य आणि दुसऱ्या टोकाला गुरे चारणारा असावा, आणि नोंद लिहिताच दोघांनी त्याखाली जागेवरच सही करावी.