साडेचार वर्षांची मुलगी पेन्सिल मुठीत धरते, घरी काय करून घ्यावं?

तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, पेन्सिल मुठीत आवळून धरते, दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणते. शाळेतून मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वह्या भरून आणायला सांगतात, आणि बोटांना वळण लावायला कुठली खेळणी मागवावीत असं तुम्ही विचारलंय.

खेळणी काहीच मागवू नका. शाळेत बोलून बघा, आणि महिनाभर तरी घरी पेन्सिल हातात देऊ नका. अंगठ्यात आणि मनगटात अजून पुरेसा जोर आलेला नसला, की मूल अख्ख्या हातानं पेन्सिल आवळतं. तिची बोटं धरून पकड नीट करून दिलीत, तर तुम्ही हात काढेपर्यंतच ती टिकणार.

आधी खांदा आणि मनगट भक्कम हवं, तरच बोटं मोकळी चालतात. म्हणून सुरुवात भिंतीपासून करा. तांब्याभर पाणी, रंगकामाचा जुना दीड इंची ब्रश आणि अंगणातली भिंत एवढं पुरतं. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर मोठे गोल, उभ्या-आडव्या रेघा काढू द्या. उभ्या भिंतीवर मनगट आपोआप मागे वाकतं, आणि ते तसं वाकलं की अंगठा तर्जनीच्या समोर येतो. लिहिताना हाताची ठेवण अशीच लागते. पावसाळ्यात आपल्या बेळगावकडच्या खानापूर भागात भिंती वाळायचं नाव घेत नाहीत, तेव्हा दाराच्या मागे खडू चालेल.

मग स्वयंपाकघर. भुईमुगाच्या वाळल्या शेंगा फोडायला द्या, पण दातानं नाही. शेंगेचं टोक अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरून दाबायचं. तिला जमत नसेल तर टोकाला तुम्ही चीर पाडून द्या, उरलेलं ती करेल. दहा-बारा शेंगा एका वेळी बस. थंडीत मटार सोलणं याहून सोपं, तिथूनच सुरू केलंत तरी हरकत नाही. घरात धाकटं भावंड असेल तर दाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. तिलाही तोंडात दाणा असताना पळू-हसू देऊ नका.

कणकेचा गोळा मात्र रोजचा ठेवा. दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक मीठ, साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं घालून, शेवटी चमचाभर तेल. मिठामुळे गोळा डब्यात काही दिवस टिकतो. हवा दमट असली की हाताला चिकटतो, तेव्हा कोरडी कणीक भुरभुरा. ज्वारीचं पीठ यासाठी नको, ते ताणत नाही, लगेच भेगाळतं. मीठ बरंच असल्यानं गोळा खाऊ देऊ नका, आणि बोटाला चिरलेलं असेल त्या दिवशी सुट्टी द्या.

या गोळ्याचं काय करायचं, हे आपल्याकडे वेगळं शिकवायला नको. कर्नाटकी बेंदूर, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेचा बैलांचा सण, झाला की पुढच्या अमावास्येला घरोघरी मातीचे बैल होतात. तोच बैल करून घ्या. धड दोन्ही तळव्यांत लांबट वळायचं, त्यात तळव्याची कमान तयार होते. पाय गोळ्यातूनच चिमटीनं ओढून काढायचे, वेगळे चिकटवायचे नाहीत, कारण ओढण्यातच बोटांची मेहनत आहे. शिंग अंगठा आणि दोन बोटांच्या टोकांत फिरवून वळायचं. डोळ्यांना ज्वारीचे दोन दाणे, एकेक उचलून खुपसायचे. दाणा उचलताना अंगठा आणि तर्जनी मिळून गोल कडं दिसतं का बघा. कडं न होता अंगठा तर्जनीच्या कडेला चिकटून सपाट होत असेल, तर अंगठा अजून कच्चा आहे. मग कपडे वाळत घालायचे चिमटे ताटाच्या कडेला लावायला द्या, रोज दहा. नव्या चिमट्यांची स्प्रिंग कडक असते आणि मूल परत मुठीवर येतं, म्हणून वापरून सैल झालेले घ्या.

झेंडूची माळ ओवायची असेल तर सुई नको. सुतळीचं टोक फेव्हिकॉलात बुडवून वाळवलं की ताठ होतं. फुलाचं भोक तुम्ही पाडून द्या.

कात्रीसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून द्या, एका फटक्यात तुकडा पडला पाहिजे. वर्तमानपत्र पात्यांत दुमडतं आणि मूल वैतागतं. अंगठा वरच्या बाजूला राहायला हवा. कोपर बाहेर फेकलं जात असेल तर काखेत रुमाल धरायला सांगा.

महिन्यानंतर पेन्सिल नको, अंगठ्याच्या पेराएवढा खडूचा तुकडा आणि पाटी द्या. तुकडा आखूड असला की मुठीला धरायला जागाच उरत नाही, तीन बोटं आपसूक पुढे येतात. करंगळी आणि अनामिकेखाली कापसाची गोळी धरायला द्या, ती दोन बोटं गप्प बसतात. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, नाहीतर तोल सांभाळण्यातच खांदा आखडतो.

मुलं साधारण तीन वर्षांची झाली की गोल काढतात, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, चौकोन त्यानंतर. तिरप्या रेघा सगळ्यात उशिरा. म्हणून अ-आ-इ आधी न घेता ग, म, न घ्या. कन्नड अक्षरं गोलाईची आहेत, हात सतत वळत राहतो. आपल्या अक्षरांत उभा दंड ओढून थांबावं लागतं, वर शिरोरेघ. एकाच दिवशी दोन्ही लिहायला लावू नका, तीन लिप्या वळवण्याची घाई तर मुळीच नको.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. हात थरथरू लागला किंवा तिनं हात बदलला की थांबा. ती मुळात डावखुरी असेल तर कात्रीही डावखुरीच आणा, उजव्या कात्रीत तिला कापायची रेघ दिसत नाही. जेवायला उजवा हात लावायचा असेल तर लावा, पण लिहायचा हात बदलू नका.

मात्र एक हात ती वापरायचाच टाळत असेल, हात सतत थरथरत असेल किंवा पूर्वी जमणारं आता जमत नसेल, तर हे घरगुती उपाय करत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची असते. पथक कधी येणार हे अंगणवाडीत विचारा, आणि शेंगा-चिमट्यांत काय जमतं, काय नाही, ते कागदावर लिहून सोबत न्या.