एफडी मोडण्याआधी टायरवर खडू ओढा

प्रश्न : माझी 2015 ची डिझेल फोर-बाय-फोर आहे. दीड वर्षात क्लच प्लेट, दोनदा प्रॉपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा आणि मागचे दोन नवे टायर यांत 92,000 रुपये गेले. तरी वळताना गाडी धक्के देते, लिव्हर फोर-एचमधून (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीतून) निघता निघत नाही; शेतातून डांबरी रस्त्यावर आलो तरी गाडी फोर-एचमध्येच असते. मेकॅनिक आता ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) बदला म्हणतो, खर्च 85,000. मुलीच्या फीची एफडी मोडू, की गाडी सव्वाचार लाखांना देऊन आठ लाखांच्या कर्जावर नवी घेऊ? महिन्याला चौदाएक हजार शिल्लक राहतात. भोरजवळच्या शेतावर पावसाळ्यात फोर-बाय-फोरशिवाय पोचता येत नाही.

उत्तर : कर्जाचं आधी निकालात काढू. आठ लाख, 10 टक्के, पाच वर्षं म्हणजे हप्ता 17,000 च्या आसपास आणि व्याज जवळपास 2 लाख 20 हजार. तुमच्याकडे उरतात चौदा. विषय संपला.

85,000 चं मात्र मला पटलेलं नाही. मी मेकॅनिक नाही, पण तुमच्या बिलांत एक ओळ डोळ्यांत खुपली : टायर दोनच, तेही मागचे. शिवाय शेतातून डांबरी रस्त्यावर आल्यावरही गाडी फोर-एचमध्येच असते, असं तुम्हीच लिहिलंय. अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं, दोन्ही एकमेकांना जखडलेले असतात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरतं आणि हा फरक निघून जातो; कोरड्या डांबरावर तोच ताण क्रॉसवर, गिअरवर साठतो. त्यात पुढचा टायर सहा-सात मिलिमीटरने झिजलेला असला तर दर फेरीला चारेक सेंटीमीटरचा फरक, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा! दोनदा गेलेला क्रॉस हा आजार नसून लक्षण असावं, असा माझा संशय आहे.

तेव्हा खडूने टायरवर खूण करा, चाक एक फेरी ढकला, जमिनीवरचं अंतर पुढे-मागे मोजा. मग गाडी टू-एचमध्ये, म्हणजे फक्त दोन चाकांच्या ताकदीवर, चालवून बघा. धक्के थांबले तर चोर सापडला. ट्रान्स्फर केसचं ऑइल दुसऱ्या गॅरेजात तुमच्यासमोर काढायला लावा. ऑइलच्या बुचातल्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असला तर घाबरू नका. धातूचे तुकडे निघाले तरच केस उघडायची, आणि तेव्हाही आधी फक्त बेअरिंग-सीलचा लेखी अंदाज मागायचा. विम्याची आशा नको, झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत.

गेलेले 92,000 हिशेबात धरू नका. ‘एवढं घातलंय तर अजून थोडं’ म्हणत माझ्या एका अशिलाने जुन्या ट्रॅक्टरवर ट्रॅक्टरच्या किमतीएवढा खर्च केला होता. तुमच्यासाठी मर्यादा 50,000 ची, तीही शिलकीतून तीन-चार महिन्यांत. त्यापुढे गेलं तर दोष सांगून गाडी विका आणि त्याच पैशांत जुनी घ्या.

तूर्त पुढचे दोन टायर मागच्यांच्याच मापाचे बसवा, डांबरावर लिव्हर टू-एचमध्ये ठेवा आणि 500 किलोमीटरनंतर कळवा. एफडी तोवर जागची हलवू नका.