रोज एकच गाणं

प्रिय मनू,

तू विचारलंस, "सगळे मोठे म्हणतात की जुनी मराठी गाणी खरी आणि नवी उथळ. मग मला जुनी सगळी एकसारखी संथ का वाटतात? आणि रोज एक गाणं ऐकायचं ठरवलं, तर ते ऐकायचं कसं?"

आधी दुसरा प्रश्न घेतो. पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

एक दिवस, एक गाणं म्हणजे त्या दिवशी दुसरं नाही. ॲपमधलं पुढचं गाणं आपोआप सुरू होणं आधी बंद कर. गाणं संपल्यावर थोडी शांतता लागते, चाल तेव्हाच मनात बसते. मग तेच गाणं तीनदा ऐक. पहिल्यांदा हातात काहीही न घेता. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर जुन्या गाण्यांचे शब्द भरपूर आहेत, गाण्याची पहिली ओळ टाकून शोध. तिसऱ्यांदा टाळी देत ठेका मोज. दहा-बारा मिनिटांत सगळं होतं.

वहीत रोज चार नोंदी कर: गीत, संगीत, स्वर, ठेका. ॲपवर बऱ्याचदा फक्त गायक दिसतो आणि कवी हरवतो, ते मला फार खटकतं. 'शुक्रतारा मंद वारा' म्हटलं की अरुण दाते आठवतात, पण शब्द मंगेश पाडगावकरांचे आणि चाल श्रीनिवास खळ्यांची. शिवाय त्या नावांतूनच पुढच्या दिवसांची गाणी मिळतात. आज पाडगावकर भेटले, तर उद्या त्यांचंच दुसरं, वेगळ्या संगीतकाराचं गाणं घे.

ठेके सुरुवातीला दोनच पुरेत. केरवा आठ मात्रांचा (मात्रा म्हणजे ठेक्यातला एक ठोका), चार अधिक चार. दादरा सहा मात्रांचा, तीन अधिक तीन. इथे हमखास चूक होते ती अशी: गाण्याचा पहिला शब्द आला की आपण टाळी देतो. पण मुखड्याचे, म्हणजे ध्रुवपदाचे, शब्द पुष्कळदा समेच्या, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच सुरू होतात, त्यामुळे पुढची सगळी मोजणी सरकते. त्यापेक्षा कडवं संपून ध्रुवपद परत येईपर्यंत थांब. तिथे ज्या अक्षरावर तबला आणि गायक दोघांचाही जोर एकत्र पडतो, ती सम. तिथून मोजायला लाग.

आता संथपणाचं. भावगीतात ठेका मागे राहतो आणि शब्द पुढे असतो. एकच ओळ दोनदा म्हणतात, पण दुसऱ्या वेळी एखादा शब्द वेगळ्या सुरावर नेतात आणि त्याचा अर्थ किंचित हलतो. गाण्याची हालचाल ती. शब्द कळले नाहीत तर फक्त सावकाश चाल उरते, आणि सावकाश चाली एकमेकींसारख्या वाटणारच. म्हणून दुसरं ऐकणं कधी टाळू नकोस. शब्द मोठ्याने वाच. 'चंद्र'मधला च आणि 'चांदणं'मधला च वेगळे आहेत. चांदण्यातला च दातांशी येतो, जवळपास 'त्स'सारखा. आणि ळ लांबवता येत नाही, त्याच्या मागचा-पुढचा स्वर लांबवायचा. गायक ते कसं करतात ते नीट ऐक.

जुनं खरं, नवं उथळ हे मला पटत नाही. जुन्यातली कच्ची गाणी केव्हाच गळून गेली, नव्याची चाळणी अजून व्हायची आहे. शिवाय गाणं ज्यातून पोचतं त्यावर त्याची घडण ठरते. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि संपलं. पुणे आकाशवाणीवर 1955 सालच्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं, तेव्हा गदिमा आणि सुधीर फडके यांची 56 गीतं आठवड्याला एक अशी आली. पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबायचं आणि तोवर आधीचं गुणगुणायचं. 1998 मध्ये कवी सौमित्र आणि गायक-संगीतकार मिलिंद इंगळे यांच्या 'गारवा' या अल्बममध्ये आधी कविता बोलली जाते, मग गाणं येतं. 2024 मधलं 'गुलाबी साडी' फोनवर पसरलं. तिथे पकड पहिल्या काही सेकंदांत बसावी लागते, म्हणून शब्द थोडे आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा. तुझ्या वहीत त्या दिवशी गीत आणि स्वर या दोन्हींपुढे एकच नाव येईल, संजू राठोड.

'सैराट'मधलं (2016) 'याड लागलं' घेशील तेव्हा तिसऱ्या ऐकण्याला टाळी सोड, हेडफोन लाव आणि फक्त व्हायोलिनांचा मागोवा घे. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटासाठी वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केला होता. फोनच्या स्पीकरवर त्यातलं निम्मंही कानावर येत नाही.

जुन्या गाण्यांची एक अडचण सांगून ठेवतो. एकाच गाण्याच्या दहा आवृत्त्या सापडतात, रीमिक्स, कुणीतरी पुन्हा गायलेली, वेग वाढवलेली. वेग वाढवला की बऱ्याचदा आवाजाची पट्टीही चढते आणि गायक ओळखू येत नाही. मूळ ध्वनिमुद्रण मिळेपर्यंत वहीत नोंद करू नकोस.

सुरुवातीचे तीन दिवस सलग असे घे. पहिल्या दिवशी प्रल्हाद शिंदे यांचं 'चल गं सखे पंढरीला'. दुसऱ्या दिवशी त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे, वैशाली सामंतसोबत, 'जत्रा'मधलं (2006) 'कोंबडी पळाली'. तिसऱ्या दिवशी नातू आदर्श शिंदे, 'दुनियादारी'मधलं (2013) 'देवा तुझ्या गाभाऱ्याला'. एक भक्तिगीत, एक नाचाचं, एक विरहाचं. तिन्हींत एकच गोष्ट शोध: वरच्या सुरावर जाताना आवाज बारीक होतो की तसाच मोकळा, भरदार राहतो? चौथ्या दिवशी काहीच लावू नकोस. तिघांची ध्रुवपदं नुसती गुणगुणून बघ. जे अडेल, ते पाचव्या दिवशी पुन्हा घे.

तुझा,
बाबा