प्रश्न: तापट माणसाला 'आग्यावेताळ' का म्हणतात? तो खरंच असतो का?

दलदलीवर रात्री हिंडणारा, पेटतो-विझतो उजेड म्हणजे आग्यावेताळ. वेताळ भुतांचा राजा, मग दिवट्या आल्याच. एकदम भडकतो म्हणून तापट माणसाला ते नाव चिकटलं. मला ही उपमाच पटत नाही. तो उजेड कुणाला भाजत नाही, वाट चुकवतो. पण त्या कामाला आपल्याकडे चकवा आधीच नेमलेला.

असतो का? मी पाहिलाय. सातवीत होतो. जत्रेतला दशावतार बघून आजोबांबरोबर खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, बांधावरून घरी येत होतो. अवसेचा काळोख. कांदळाच्या झाडीपलीकडे, गुडघाभर उंचीवर पिवळट उजेड. थांबायचा, सरकायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दहा हात पुढे निघायचा. आजोबांनी माझा दंड धरला. "गप रव, तेच्याकडे बघू नको." वाटेतला साप काठीने बाजूला सारून पुढे जाणारा माणूस, पण त्या रात्री बोटं थरथरत होती. अर्धा तास बांधावर उकिडवे बसलो.

आजोबांच्या वर्षश्राद्धाला मी हे सांगितलं, तर पुण्याहून आलेला थोरला चुलतभाऊ भर पंगतीत म्हणाला, "मिथेन असतो रे तो. आजोबा अडाणी." सगळे हसले. मी वाढत होतो, खिरीचं भांडं तिथेच ठेवून मागच्या पडवीत गेलो.

तर दादा, ऐक. तळ्यातल्या चिखलातून निघणारा मिथेन व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली इटलीतल्या मॅजोरे सरोवरावर गोळा केला, हे कबूल. पण मिथेन आपणहून पेटत नाही, त्याला पाचशे अंशांच्या वर तापमान लागतं. हवा लागताच पेटतो तो डायफॉस्फीन वायू, आणि दलदलीत तो पुरेसा असतो का यावर एकमत नाही. अशा उजेडाला बंगालात आलेया म्हणतात, कच्छच्या बन्नीत चिर बत्ती. तिथेही लोक मिथेन म्हणून मोकळे होतात. काडी कोण लावतं ते सांग, मग आजोबांना अडाणी म्हण.

हां, अवसेला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, भरलेल्या असतात आणि लोक चूड, म्हणजे पेटती मशाल, घेऊन खाजणात उतरतात. वाकून चाललेल्या माणसाची चूड गुडघाभर उंचीवरच दिसणार. आम्ही पाहिलं ते तेही असेल. आजोबा स्वतः कुर्ल्या पकडायचे, तरी त्यांना ती चूड वाटली नाही, एवढंच माझं म्हणणं. दादाने कुर्ल्यांचं नाव काढलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तो खाजणात कधी उतरलाच नाही.